बोळातली वाट

१

पाद्रीबाबांच्या घरी लोक दोन प्रकारच्या कामांसाठी येत. पहिल्या प्रकारचे पुढच्या दाराने येत: कुणाकडे लग्न, कुणाकडे आजारपण, कुणाकडे मयत. दुसऱ्या प्रकारचे स्वयंपाकघराच्या दाराने येत, आवाज खाली आणून. कुणाची अंगठी गेलेली, कुणाच्या कुत्र्याला विष घातलेलं, कुणाचा भाऊ न सांगता निघून गेलेला. पाद्रीबाबा चहाचा कप दोन्ही हातांत धरून ऐकत, अगदी बावळट वाटावेत असे चारदोन प्रश्न विचारत, आणि बहुतेक वेळा अंगठी सापडे. भुताखेतांचं नाव कुणी काढलं की ते हसत. "सगळा जन्म देवाच्या चाकरीत गेला," ते म्हणत, "पण भूत काही भेटलं नाही बुवा. माणसांनीच एवढी गर्दी केलीय, त्यांना शिरायला जागा कुठाय?"

त्यांच्या सुनेला हे सगळं नवीन होतं. लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ती बोलायची कमी, म्हणून पाद्रीबाबांनी आल्या आल्याच तिचं नाव 'मौनी' ठेवून टाकलं होतं. नवी सून कमी बोलली की लोक तिला गुणी म्हणतात. तशीच बरेच दिवस राहिली की शिष्ट म्हणतात. मौनी अजून पहिल्या मुदतीत होती.

बोलत नसली तरी बघत होती. या घरातली माणसं स्वयंपाकघराचं दार उघडताना आधी त्याला गुडघ्याने धक्का देत. दार मुळीच अडत नव्हतं. कधीकाळी अडत असेल. सुताराने रंधा मारून ठीक केलं, पण गुडघ्यांना कुणी कळवलं नाही. आता मौनीही गुडघा लावायची. कुणी शिकवलं नव्हतं. सासरी आल्यावर विचारायचं कमी आणि बघून करायचं जास्त, आणि करता करता आपण करतोय हेही विसरायला होतं.

त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात पुस्तकं बांधणारा बाइंडर उभा होता.

२

बाइंडरची बायको दोन दिवसांपूर्वी गेली होती. घरात तिला सगळे थोरली म्हणत, आणि सुनेला धाकटी. पुढे दुकान, मागे शिलाईची खोली, मध्ये अरुंद बोळ. त्या बोळात थोरली उताणी पडलेली सापडली. खांद्यावर हे एवढं काळंनिळं. डॉक्टर म्हणाले, समोरून जोराची धडक बसली, डोकं फरशीवर आपटलं.

"दुकानात मी आणि मुलगा," बाइंडर म्हणाला. "गिऱ्हाईक समोर उभं. आम्ही दोघं जागचे हललो नाही. मागे फक्त धाकटी. पाद्रीबाबा, ती पोर पुठ्ठा उचलताना धापा टाकते. ती कुणाला काय धडक देणार?"

"फौजदार काय म्हणतात?"

"शेजारच्या इस्त्रीवालीने ऐकलंय ना. आधी दोघींचं काहीतरी वाजलं. मग धप्प आवाज. मग धाकटी रडत ओरडली, 'माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं.' फौजदार आज दिवस मावळायच्या आत येऊन तिला नेणार आहेत." त्याने डोळे पुसले. बोटांना सुकलेली खळ होती, ती गालाला लागली. "बायको गेली ती गेली. आता सूनही जाणार. तिला दिवस गेलेत हो."

पाद्रीबाबांनी कप खाली ठेवला.

त्यांची एक रीत होती. ते जबानी घेत नसत. सगळ्यांना आपापल्या जागी उभं करायचं आणि ती वेळ पुन्हा जशीच्या तशी करायला लावायची, तोंडातून एक शब्द न काढता. तोंडाला हुशारी सुचते, हातपाय बिचारे भाबडे असतात, असं त्यांचं म्हणणं. जो माणूस आता नाही, त्याच्या जागी कुणीतरी लागे.

"मौनी, चप्पल घाल," ते म्हणाले. "गप्प बसायचं काम आहे. गावात तुझ्याइतकं लायक कुणी नाही."

३

थोरलीची खुर्ची शिलाईच्या खोलीत होती, बोळाच्या अगदी तोंडाशी. खुर्चीत बसलं की बोळ सरळ पुढे दिसायचा आणि त्याच्या टोकाला दुकानाचं उजेडाचं दार. मौनीच्या पुढ्यात शिलाईची चौकट होती. छापून घडी केलेले फर्मे एकावर एक चढवायचे, मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक शिवत जायचं. अर्धवट शिवलेलं पुस्तक तसंच होतं. सुई थोरलीने जिथे टोचून ठेवली तिथेच होती. मौनीने तिला हात लावला नाही.

"सुरू करा," पाद्रीबाबा म्हणाले, आणि दुकान आणि बोळ यांच्यामधल्या दारात उभे राहिले.

कारखान्याचा दिवस सुरू झाला. बोलणं नसलं की काम किती आवाज करतं हे मौनीला पहिल्यांदाच कळलं. कापायच्या यंत्राचं पातं खाली यायचं, कागदाचा गठ्ठा सुस्कारा टाकल्यासारखा दबायचा. धाकटी घडीवर हाडाची पट्टी फिरवायची, सर्र, सर्र. मुलगा शिवून झालेली पुस्तकं न्यायला मागे आला. गेला. बाइंडर खळीचं भांडं भरायला आला. गेला. धाकटी फर्म्यांचा गठ्ठा घेऊन पुढे गेली, रिकाम्या हातांनी परतली.

मौनी बघत राहिली, आणि बघता बघता तिला काहीतरी खुपायला लागलं. आधी काय ते कळेना. जेवताना दाताखाली खडा यावा आणि सापडू नये तसं.

मग सापडलं. बोळाच्या मध्यावर आलं की सगळे बाजूला होत होते.

मुलगा यायचा तो मधोमध. मध्यावर आला की डावा खांदा मागे घेऊन भिंतीला पाठ लावायचा, दोन पावलं आडवी टाकायचा आणि पुन्हा मधोमध. बाइंडरचंही तेच. गठ्ठा छातीशी धरलेली धाकटीही तशीच. अरुंद जागेत समोरून कुणी आलं की माणूस अंग चोरतो, वाट देतो, आणि तो गेला की पुढे होतो. अगदी तसं. बाइंडरने तर एकदा मानही हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतो तशी.

समोरून कुणी येत नव्हतं.

गुडघा, मौनीने स्वतःला सांगितलं. आपल्या दारासारखंच. इथे कधीतरी काहीतरी असणार.

४

पाद्रीबाबा पुढे बाप-लेकांशी बोलत होते. मागे धाकटी आणि मौनी दोघीच राहिल्या. धाकटी पट्टी फिरवत होती, पण पट्टीखाली कागद नव्हता.

"भांडण कशावरून झालं?" मौनीने विचारलं. तिचं त्या दिवसातलं हे पहिलं वाक्य असावं.

"भांडण नव्हतं हो ताई." धाकटीने पट्टी ठेवली. "मी नुसतं विचारलं त्यांना. म्हटलं, आई, आपण बोळात मध्येच बाजूला का होतो?"

"मग?"

"म्हणाल्या, कुठे होतो? मी म्हटलं, होतो ना, तुम्ही पण होता. तर चिडल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं नांदतेय मी या घरात, मला माहीत नाही नि तू काल आलेली मला शिकवतेस? मी म्हटलं, आई, रागावू नका, चालून बघा." तिने बोळाकडे बोट केलं. "त्या उठल्या. म्हणाल्या, हे बघ, सरळ चालते. काही आहे का इथे?"

"आणि?"

"सरळ चालल्या."

बोळातून यंत्राच्या पात्याचा आवाज आला आणि थांबला.

"तुला काय दिसलं?"

"आईंची पाठ. मग त्या माझ्याकडे आल्या. म्हणजे चालून नाही हो. फेकल्यासारख्या." धाकटी तोंडावर हात ठेवून रडायला लागली. "हे मी फौजदारांना कसं सांगू? वेडी म्हणतील, नाहीतर खोटारडी. मी विचारलंच नसतं तर त्या रोजच्यासारख्या वळल्या असत्या. माझ्यामुळेच झालं ना?"

मौनीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

५

पाद्रीबाबांनी सगळं ऐकलं आणि बोळात गेले. मौनी मागोमाग. भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक गुळगुळीत पट्टा होता, पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासून झालेला. पाद्रीबाबांनी त्यावर हात फिरवला. समोरच्या भिंतीत एक जुनी खुंटी होती, तिच्याकडेही बघितलं.

"पूर्वी इथे काही होतं का हो?" त्यांनी मोठ्याने विचारलं. "कपाट वगैरे?"

दुकानातून बाइंडर म्हणाला, "असेल. वडिलांच्या वेळी असेल. हां, कपाटच असणार."

"बघा! कपाट गेलं, वळण राहिलं," पाद्रीबाबा म्हणाले. "थोरलीबाई रागाच्या भरात उठल्या, सवयीची वाट सोडून चालल्या, पाय अडखळला, तोल गेला. खांदा भिंतीतल्या या खुंटीवर आपटला. कुणी ढकललं नाही, कुणी मारलं नाही."

दुकानात कुणीतरी इतक्या जोरात श्वास सोडला की तो मागेपर्यंत ऐकू आला. मुलगा हसलासुद्धा. "आयला, म्हणजे आम्ही सगळे जन्मभर कपाटाला वाट देतोय!"

मौनीलाही हसावंसं वाटलं. छान होतं स्पष्टीकरण, घडी घातलेल्या कागदासारखं. पण ती खाली बघत होती. फरशी जुनी, मऊ दगडाची, पावलांनी झिजलेली. दुकानाच्या दारापासून झीज मधोमध येत होती, मध्यावर भिंतीकडे वळत होती, वळसा घालून पुन्हा मध्ये येत होती. ती या घरातल्या माणसांची वाट. कपाट असतं तर वळशाच्या आतली फरशी कोरी राहिली असती, जवळजवळ नव्यासारखी.

ती कोरी नव्हती. तिथून एक दुसरी वाट सरळ गेली होती, आणि ती पहिलीपेक्षा खोल होती.

मौनीने सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी हळूच आपला बूट त्या खोलगट जागेच्या कडेवर ठेवला, चारचौघांत जमिनीवर सांडलेलं काही लपवावं तसा. पाय पूर्ण आत मात्र ठेवला नाही.

"पाहिलंय मी," ते पुटपुटले. "पण त्या पोरीला तुरुंगात कशी जाऊ देऊ? फौजदारांना खुंटी पटेल. हे पटणार नाही."

"आणि बाबा, हे लोक? त्यांना आता तुम्ही सांगितलंत की काही नाही."

पाद्रीबाबांनी बूट मागे घेतला. कोड्याचं उत्तर दिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान यायचं, ते आज आलं नव्हतं.

६

फौजदार धिप्पाड होते, घाईत होते आणि सर्दीने बेजार होते. बोळाच्या दुकानाकडच्या तोंडाशी दारात उभं राहून त्यांनी पाद्रीबाबांचं म्हणणं ऐकलं. खुंटी बघितली, फरशीकडे बघितलं नाही.

"पाद्रीबाबा, तुमचा मान आहे म्हणून ऐकून घेतो," ते रुमालात म्हणाले. "पण सवयीने बाजूला होतात म्हणे! असं कधी असतं का? सून काहीतरी रचते नि तुम्ही तिला पदराखाली घेता."

"साहेब, खरंच तसं आहे," मुलगा पुढे झाला. बायकोला वाचवायची संधी समोर दिसत होती आणि त्याचे डोळे लखलखत होते. "नुसती सवय. त्यात काय एवढं? थांबा, आधी वळून दाखवतो, मग सरळ चालून दाखवतो. बघा तुम्हीच."

मागे, शिलाईच्या खोलीत, धाकटीने मौनीचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. "ताई, त्यांना थांबवा. मी थांबवलं तर फौजदार म्हणतील, बघा, हिचं पितळ उघडं पडतंय."

पाद्रीबाबा दोन्ही बाजूंनी अडकले होते. नको म्हणावं तर स्वतःच रचलेलं स्पष्टीकरण कोसळतं आणि पोर हातकडीत जाते. जा म्हणावं तर...

मुलगा मध्यापर्यंत आला, बाजूला वळून दाखवलं आणि परत दारापाशी गेला. "ही सवय. आता सरळ." आणि निघाला, छाती काढून, मधोमध.

मौनी उठली. आपण काय करतोय हे तिने स्वतःलाही विचारलं नाही. समोरचा फर्म्यांचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला, हनुवटीपर्यंत येईल एवढा, आणि बोळात शिरली. समोरून तो, इकडून ती. भराभर चालली, मध्यावरच गाठ पडेल अशी. "अहो, जरा वाट द्या ना, पडेल हे," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला.

ओझं घेतलेली बाई समोर आली की माणूस बाजूला होतो. तो झाला. पाठ भिंतीला, गुळगुळीत पट्ट्यावर. मौनी त्याच्या समोरच्या भिंतीला टेकली. दोघांच्या मध्ये एका माणसाला जाता येईल एवढी जागा उरली.

तिच्या गठ्ठ्यावरचे वरचे कागद उचलले गेले, एकामागून एक, आणि पुन्हा बसले. मुलाच्या सदऱ्याचा समोरचा भाग छातीला चिकटला. तो हसायचा थांबला होता. त्याचे डोळे मौनीकडे नव्हते, फौजदारांकडेही नव्हते. दोघांच्या मधल्या जागेतून ते हळूहळू सरकत गेले, दुकानाकडे.

दारात फौजदार पाद्रीबाबांना सांगत होते, "हे बघा, आता ही बाई मध्येच आली, त्यामुळे..." आणि वाक्य न तोडता त्यांनी डावा खांदा मागे घेतला, पोट आत ओढलं आणि चौकटीला टेकले. "या," ते म्हणाले. सहज, सौजन्याने. "...त्यामुळे काहीच सिद्ध होत नाही."

दुकानाच्या उजेडात मौनीला एक पाठ दिसली. कुणाची ते सांगता यायचं नाही. रुंद होती आणि चौकटीखालून जाताना वाकली. तिला घाई नव्हती. स्वतःच्या घरात माणूस चालतो, तशी चालत होती.

७

फौजदार बोलायचे थांबले. रुमाल हातातच राहिला.

"आत्ता गेले ते कोण?"

बाइंडर खळीच्या भांड्यात बघत होता. पाद्रीबाबांच्या ओठांची हालचाल होत होती, पण ती उत्तराची नव्हती.

"घरातलेच," मौनी म्हणाली.

"आधी दिसले नाहीत."

"कुणाच्या मध्ये येत नाहीत ते. आपण वाट दिली की झालं."

"त्या दिवशी होते?"

"होते."

"कुठे?"

"इथेच. बोळात."

फौजदारांनी मौनीकडे बघितलं. मग स्वतःच्या खांद्याकडे, जो अजून चौकटीला टेकलेला होता. मग बोळाच्या त्या टोकाला उभ्या धाकटीकडे. माणूस मूर्ख नव्हता. "बोलवा त्यां..." त्यांनी सुरुवात केली आणि वाक्याचा उरलेला भाग गिळून टाकला. दुकानात कापायच्या यंत्राशेजारी कुणी नव्हतं. पुठ्ठ्यांची चळत मात्र हळूच एका बाजूला झुकली, कुणी जाताजाता हात लावावा तशी.

"पाय घसरला," फौजदार म्हणाले. "खुंटी लागली. पाद्रीबाबा सांगतात तसंच. प्रकरण मिटलं." त्यांनी टोपी घातली. रस्त्याकडचं दार दुकानातून होतं. "मागून बाहेर पडता येतं का हो?"

ते बोळातून मागे आले. मध्यावर इतक्या सफाईने वळले, जणू या घरातच लहानाचे मोठे झाले होते. मुलगा त्यांना दार दाखवायला गेला.

मौनीपाठोपाठ पाद्रीबाबाही मागच्या खोलीत आले. थोरलीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, बसले नाहीत. "मौनी," ते म्हणाले, "तू खोटं एकही बोलली नाहीस. मी बोललो." आणि मग, कधी नव्हे ते, तिलाच विचारल्यासारखं, "चूक झाली का गं?"

"सुटली ना ती," मौनी म्हणाली.

धाकटी फर्मे उचलत होती. मौनीने परत आणून ठेवलेले काही, शिलाईच्या चौकटीशेजारचे काही. ते तिने नीट ठोकून एकसारखे केले. डोळे कोरडे झाले होते. सुटल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर आला होता, आणि आल्या आल्या तिथेच अवघडून उभा राहिला होता.

"ताई," ती म्हणाली, "म्हणजे आता मी इथेच राहायचं."

तिने गठ्ठा उचलला.

पुढून बाइंडरने हाक मारली, "धाकटे, फर्मे आण गं." आवाज नेहमीसारखा ठेवायचा त्याचा प्रयत्न होता.

गठ्ठा छातीशी धरून ती बोळाच्या तोंडाशी गेली आणि थांबली. आजपर्यंत तिचे पाय आपोआप वळत होते. आता कुठे वळायचं हे तिला माहीत होतं, आणि माहीत असल्यामुळेच पाऊल उचलत नव्हतं. एक पाय पुढे झाला. मागे आला.

मग तिने मान किंचित खाली घातली, वडीलधाऱ्यांच्या खोलीशी नवी सून उभी राहते तशी, आणि रिकाम्या बोळाला हळू आवाजात विचारलं, "येऊ का?"

मौनीला काहीच ऐकू आलं नाही. पाद्रीबाबांनीही श्वास रोखून धरला होता.

धाकटीने जरा वेळ वाट पाहिली. मग मान हलवली, "हो" म्हणाली, आणि आत गेली.